उद्या माझ्या दारात

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही. चौथीपर्यंतच शिकले, त्याबद्दल आधीच माफी मागते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

चौथीतली गोष्ट. बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला, नाशिककर. म्हणाल्या, वाक्यात उपयोग करा. पुढच्या बाकावरच्या मुली पटापट उठल्या. नाशिककरांना मिसळ आवडते. नाशिककर गोदावरीला आई मानतात. बाई खूश होत होत्या. मग बोट माझ्याकडे आलं. मी वर्गात कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी उघडलं.

"मी आणि माझी आई नाशिककर आहोत."

आधी मुली हसल्या. मग बाई हसल्या.

"तुम्ही गं कसल्या नाशिककर? पेठच्या डोंगरातून पाट्या उचलायला आलेली माणसं. बिल्डिंग झाली की चालले पुढं. लिही, मी सांगते ते. नाशिककर गरिबांना काम देतात."

मी लिहिलं. बाईंनी तपासलं, बरोबरची खूण केली. माझ्या वहीतलं एकही चूक नसलेलं वाक्य तेवढंच.

माझा जन्म इथला. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीतला. आईनं डोक्यावर विटा वाहिल्या त्या बिल्डिंगी अजून उभ्या आहेत, लोक राहतात त्यात. पण हे मला त्या दिवशी सुचलं नाही. मी खाली बसले. पुढच्या वर्षी शाळा सुटली आणि बाईंचं वाक्य खरं झालं. नाशिककरांनी मला काम दिलं. भांडी, धुणं, फरशी.

आता मी सातपूरच्या मागच्या वस्तीत राहते. नवरा कारखान्यात पाळ्या करतो. मी गंगापूर रोडच्या एका सोसायटीत काम करते. तिथं लिफ्टजवळ पाटी आहे, लिफ्ट फक्त रहिवाशांसाठी. आम्ही कामवाल्या जिन्यानं जातो. दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांच्याकडचं माझं काम सगळ्यात जुनं.

उन्हाळ्यात सोसायटीच्या गच्चीवर वाळवण असतं. नागलीचे पापड. ही आमच्या डोंगरातली नागली, कुणी नाचणी म्हणतात. तिची उकड गरम असतानाच मळून लाटावी लागते. थंड झाली की दगड. म्हणून एकटीचं काम नाही, दहा हात लागतात. पहिल्या वर्षी काकूंनी मला बोलावलं तेव्हा मी भीत भीत मजुरीचं विचारलं. काकू म्हणाल्या, "वेडी का काय? वाळवणाला कुणी मजुरी घेतं का? आपलेपणाचं काम असतं ते. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे."

आपलेपणाचं. मला तो शब्द फार गोड लागला. आमच्या वस्तीतही हाच रिवाज आहे. बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन एकमेकींच्या दारात जातात. मी दर उन्हाळ्यात माझं पोळपाट घेऊन गच्चीवर जाऊ लागले. तेवढे दिवस मला लिफ्ट चालायची. काकू खालून उकडीचं पातेलं माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "लिफ्टनं ये गं मावशी, निवेल."

मागच्या उन्हाळ्यात मामाकडून भरपूर नागली आली. गच्चीवर सोसायटीतल्या बायकांसोबत लाटता लाटता मी म्हटलं, "काकू, उद्या माझ्याकडे. ऊन चढायच्या आत या सगळ्या."

क्षणभर लाटणी थांबली. मग काकू म्हणाल्या, "येऊ की! का नाही? चहा करशील ना?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मला वाटलं, आनंदानं हसतायत.

पहाटे उठून अंगण सारवलं. शेजारणीकडून चटया मागून आणल्या, नवे कप काढले. चुलीवर मोठी उकड लावली, गच्चीवर लावतात तेवढी. वस्तीतल्या बायकांना मुद्दाम बोलावलं नाही. माझ्याकडे पाहुण्या येणार होत्या. पोरगी विचारत होती, "आई, कधी येणार गं त्या?" मी रस्त्याकडे बघत होते. ऊन चढलं. कुणी आलं नाही. आम्ही मायलेकींनी बोटं भाजेपर्यंत लाटलं, पण दोघींचे हात किती पुरणार? पातेल्यात दगड झाला. तो मी शेळ्यांपुढे टाकला. वर्षाची नागली.

दुपारी कामाला गेले. काकू म्हणाल्या, "अगं, तू ते खरं धरलंस? आम्ही मूळच्या नाशिककर गं. तुमची वस्ती कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा आम्हाला ठाऊक नाही."

आणि पापड डब्यात भरायला लागल्या. मी लाटलेले. अमेरिकेतल्या लेकाला पाठवायचे होते. "तिकडं सगळे नाशिककर जमतात दिवाळीला," म्हणाल्या, "आपल्या गावची चव म्हणून वाटतो तो."

तो इथून गेला त्याला किती वर्षं झाली. तरी नाशिककर. मी रोज त्याच्या आईची भांडी घासते. मी कोण?

डब्याकडे बघत उभी राहिले. चौथीतला वर्ग आठवला. तेव्हासारखीच खाली बसले, भांडी घासायला घेतली. पण आतून काहीतरी उठून उभं राहिलं होतं, ते पुन्हा बसलं नाही.

या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. "मावशी, उकड झाली. लवकर ये, लिफ्टनं ये."

गेले. जिन्यानं गेले. रिकाम्या हातानं. गच्चीवर सगळ्या बसल्या होत्या, पातेल्यातून वाफ येत होती.

"पोळपाट कुठंय तुझं?"

मी खाली बसले नाही. उभ्यानंच बोलले. "काकू, आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे, हे तुम्हीच सांगितलंत. माझ्या दारातलं वाळवण अजून राहिलंय. आधी तिथं लाटा. मग मी इथं लाटीन."

"आता हे काय नवीन? उकड निवतेय इथं!"

"माझीही निवली होती."

त्यांतली एक वहिनी म्हणाली, "बरं बाई, मजुरी घे. बस खाली."

"मजुरी नको. आपलेपणाचं काम आहे ना?"

काकूंचा चेहरा लाल झाला. "काम टिकवायचंय ना तुला?"

"भांडीधुण्याचा पगार घेते, ते काम करते. हे काम नाही असं तुम्हीच म्हणालात."

आणि वळले. लिफ्टचं बटण दाबलं. खाली वॉचमन म्हणाला, "ओ मावशी, लिफ्ट रहिवाशांची आहे." मी म्हटलं, "मी जन्मापासून रहिवासी आहे. या गावची." आणि फाटकाबाहेर पडले.

काकूंचं काम सुटलं. दोन घरं अजून आहेत, तीही कदाचित जातील. जाऊ देत. नवरा म्हणाला, जाऊन माफी माग. नाही मागणार.

चौथीतल्या बाई, ते वाक्य मी खोडते आहे. माझं पहिलंच वाक्य पुन्हा लिहिते. मी आणि माझी आई नाशिककर आहोत. ज्यांना माझे हात हवेत त्यांनी आधी माझं दार शोधावं, आपलं पोळपाट घेऊन यावं, माझ्या चटईवर बसावं. तोपर्यंत त्यांच्या गच्चीवर माझं लाटणं चालणार नाही.

वर माफी मागितली ती अक्षराची. या वाक्याची नाही.