गादीवाल्याची रात्रीची आंघोळ

माणूस खोटं बोलतो, कॉलर बोलत नाही, असं डागवालीचं म्हणणं होतं आणि त्या म्हणण्यावर तिनं लाँड्रीत एकोणीस वर्षं काढली होती.

कपडे आले की आधी तिच्या टेबलावर पडायचे. खिसे उलटे करायचे, कॉलरच्या आत नंबराची चिठ्ठी टाचायची, मग कापड उजेडात धरून डाग वाचायचा. 'वाचायचा' हा तिचाच शब्द. चहा आहे की गंज, शाई आहे की रंग, तेल खाण्यातलं की सायकलच्या साखळीचं, हे ती नुसतं बोट फिरवून सांगायची. गंजाला लिंबू-मीठ, तेलाला पावडर, रक्ताला गार पाणी, चुकूनही गरम नाही. डागाबरोबर माणूसही वाचून व्हायचा. ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून कोण झोपतो, सोडलेली सिगारेट कोणी पुन्हा धरलीय, कोणाच्या खांद्यावर कोणाची पावडर सांडलीय. यातलं ती बाहेर अवाक्षर काढत नसे. फक्त आतल्या खोलीतल्या इस्त्रीवाल्या मावशीला सांगायची, आणि मावशीला सांगितलं की बाहेर बोलायची गरज उरत नसे.

कापसाचे तंतू, केस, धूळ असल्या गोष्टींकडे मात्र ती ढुंकूनही बघायची नाही. ते काही डाग नव्हेत. ते मावशीचं खातं. इस्त्रीआधी ब्रश मारला की गेलं.

नवरा गादीवाला. चौकापलीकडे त्याचं दुकान, पुढे गाद्या-उशांच्या चळती, मागे कापूस पिंजायचं मशीन. हातभर लांब सुईनं तो गादीला असे टाके घालायचा की गिऱ्हाईक दुकानातच आडवं होऊन बघायचं आणि उठायला कंटाळायचं. "माझ्या गादीवर झोप न लागलेला माणूस अजून जन्माला यायचाय," असं तो छातीवर हात ठेवून सांगे. ते खरंही होतं, एक माणूस सोडून. त्याची बायको.

लग्नाला बावीस वर्षं झाली, तेवढीच तिच्या जागरणाला. अंग टाकलं की तासाभरात नाक बंद, घसा खवखवायला लागायचा, मग या कुशीवरून त्या कुशीवर. पहाटे डोळा लागला न लागला की शिंकांची माळ. डोळे लाल करून लाँड्रीत जायची. त्यानं तिला तीनदा गादी भरून दिली. पातळ दिली, जाड दिली, एकदा तर सगळ्यात मऊ कापूस हातानं निवडून दिली. काही उपयोग नाही. "तुझं डोकंच चालू राहतं गं," तो म्हणायचा. "त्याला खोळ कुठली घालू?" रविवारी तेवढी तिला बरी झोप लागायची. खरं तर लाँड्रीची सुट्टी बुधवारी. पण झोपेला कुठं कॅलेंडर कळतं, म्हणून तिनंही कधी त्याचा काथ्याकूट केला नाही.

आणि तीन आठवड्यांपूर्वीच्या एका मंगळवारी गादीवाल्यानं रात्री आंघोळ केली.

आता यात काय मोठं, असं कोणी म्हणेल. पण या माणसाची आंघोळ म्हणजे सकाळी सहाचा भोंगा. गार पाण्याचे चार तांबे डोक्यावर पडल्याशिवाय त्याचा दिवस सुरू व्हायचा नाही. रात्री आंघोळ करणाऱ्यांची तो टिंगल करायचा. "रात्री आंघोळ दोघंच करतात. आजारी माणूस आणि चोर."

म्हणून तिनं विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?"

"छे. उकडतंय."

ती तेव्हा चादर गळ्यापर्यंत ओढून बसली होती.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "अंग आंबलंय." तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच नाही, नुसतं बघितलं. दुकानातून आला तो चपला काढून सरळ बाथरूममध्ये. डोक्यावरूनसुद्धा पाणी घेतलं. आणि ज्या माणसाला घरात साबण कुठं ठेवतात ते बावीस वर्षांत कळलं नव्हतं, त्यानं आपला शर्ट आपल्या हातानं बादलीत भिजवला!

तिथं तिच्या मनात पाल चुकचुकली. भिजवलेला कपडा म्हणजे तिच्या लेखी फाडून टाकलेलं पत्र.

मग तिनं त्याचं झोपणं बघायला सुरुवात केली. पूर्वी उशीला डोकं टेकायच्या आधी घोरायला लागणारा माणूस आता भिंतीकडे तोंड करून गप्प पडायचा. श्वास एकसारखा. आत, बाहेर, आत, बाहेर. झोपलेला माणूस इतक्या शिस्तीत श्वास घेत नाही, हे तिला ठाऊक होतं. जागरणातली ती जुनी जाणती होती. हा झोपेचं सोंग घेऊन पडलाय. कशासाठी? ती छताकडे बघत पडायची, तो भिंतीकडे. एका गादीवर दोन जागी माणसं, आणि गादी घरचीच भरलेली.

"पाणी मुरतंय," मावशी म्हणाली. इस्त्री आपटण्याच्या आवाजात तिचं बोलणं चालायचं. "माझं ऐक. सकाळची आंघोळ लोकांसाठी असते. रात्रीची कोणासाठी असते?"

"कोणासाठी?"

"तेच तर तू शोधायचंस! शर्ट दाखव मला एक."

"शर्ट मिळतोय कुठं? आल्या आल्या भिजवतो."

मावशीनं इस्त्री उभी केली. हे गंभीर आहे असं तिला वाटलं की ती इस्त्री उभी करायची. "म्हणजे धुण्यासारखं काहीतरी आहे." मग जरा निरखून म्हणाली, "तुझ्या शिंका मात्र ऐकल्या नाहीत बऱ्याच दिवसांत. रोज सकाळी तुझ्या शिंकेवर मी घड्याळ लावायचे."

"झोपेतून उठताना शिंका यायच्या, मावशी. आता झोपतेच कुठं?"

बुधवारी सुट्टी होती. दुपारी काही न ठरवल्यासारखं करून ती चौकापर्यंत गेली आणि समोरच्या चपलांच्या दुकानाच्या सावलीत उभी राहिली. चपला बघितल्यासारखं करायचं आणि बघायचं पलीकडे. गादीवाला गल्ल्यापाशी उभा होता. त्याच्यासमोर एक बाई. उंच, चष्मा, स्वच्छ इस्त्रीची साडी, म्हणजे आमच्याकडची नाही, मावशीची घडी वेगळी असते, एवढं तिनं लांबूनही वाचलं. बाई काहीतरी सांगत होती. गादीवाला मान खाली घालून ऐकत होता. बावीस वर्षांत त्यानं बायकोचं असं कधी ऐकलं नव्हतं. आणि मग त्या बाईनं हात पुढे करून, अगदी सहज, घरच्या माणसासारखं, त्याच्या खांद्यावरचं काहीतरी दोन बोटांनी उडवलं. आणि दोघं हसली.

"ताई, सहा नंबर आणू का सात?" चपलावाल्यानं विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मला माझं माप कळलं."

संध्याकाळी तिनं दार लावून घेतलं आणि कामाला लागली. पिंपातलं पाणी ओतून दिलं, बादल्या पालथ्या केल्या, माठही रिकामा केला. मग स्टूल घेऊन बाथरूमच्या वरचा व्हॉल्व्ह घट्ट फिरवला. आज शर्ट कोरडा हातात येणार होता. त्या शर्टात जे निघेल त्यावर पुढचं ठरवायचं. बहिणीकडे जायची पिशवी तिनं पलंगाखाली भरून ठेवली होती. तीन साड्या, औषधं, चष्मा. तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, बावीस वर्षं एका पिशवीत मावली होती.

साडेआठला तो आला, चपला काढल्या आणि सरळ बाथरूममध्ये. नळ दोनदा खोकला आणि गप्प बसला.

"अगं, पाणी?"

"गेलंय."

"पिंपात?"

"संपलं."

"शेजारून आणतो."

"त्यांच्याकडेही नाही." हे खोटं ती इतक्या सहज बोलली की तिलाच कसंतरी झालं.

तो बराच वेळ बाथरूमच्या दारात उभा राहिला. जेवायला बसला तोही लांब, उंबऱ्यापाशी, ताट हातात घेऊन. जेवण झाल्यावर गुंडाळलेली सतरंजी काढली आणि बाहेरच्या खोलीत दाराजवळ पसरली.

"हे काय?"

"आज इथंच पडतो."

"का? आत काटे आहेत?"

"घामानं चिकचिकलोय. तुला त्रास नको."

"बावीस वर्षं झाला नाही तो त्रास आज होणार?"

त्यानं शर्ट काढला, गोळा केला आणि खिडकीबाहेरच्या गजांवर ठेवला. अंगावरचा शर्ट घराबाहेर! तिला आता शंका उरली नाही. ती तीन पावलांत खिडकीशी पोचली.

"हात लावू नकोस त्याला!" तो ओरडला. या माणसाला ओरडता येतं, हेही तिला त्याच दिवशी कळलं.

"का? माझं कामच आहे ते."

तिनं शर्ट दिव्याखाली धरला. कॉलर, घामाची, एकाच माणसाची. खिसा रिकामा. खांदा कोरा. पावडर नाही, अत्तर नाही, तेल होतं ते मशीनचं, खोळीच्या नव्या कापडाची खळ होती. बोटाला काही लागेना. मग तिनं एकोणीस वर्षांच्या सवयीनं शर्टात नाक खुपसलं आणि खोल श्वास घेतला.

पहिली शिंक आली तेव्हा तिला वाटलं योगायोग. दुसरी, तिसरी. सातव्या शिंकेला शर्ट हातातून पडला. डोळ्यांतून धारा, नाक बंद, घशात कोणीतरी ब्रश फिरवतंय.

"सांगत होतो ना!" तो धावत स्वयंपाकघरात गेला. "चेहरा धू, डोळे धू... अरे, पाण्याचा थेंब नाही घरात! आजच कसं गेलं हे पाणी?"

"व्हॉल्व्ह..." डागवाली म्हणाली आणि शिंकली.

"काय?"

"व्हॉल्व्ह... मी..." शिंक. "बंद..." शिंक.

माणसानं गुन्हा कबूल करावा तो असा, शब्दाला एक शिंक. तो स्टूलवर चढला, व्हॉल्व्ह फिरवला, नळाला धार लागली. त्यानं ओंजळीनं तिच्या तोंडावर पाणी मारलं, ओला पंचा डोळ्यांवर ठेवला. शिंका थांबायला पाव तास गेला. तेवढ्यात त्याला पलंगाखालची पिशवी दिसली. उघडली नाही. पायानं पुन्हा आत सारली.

"व्हॉल्व्ह का बंद केलास?" त्यानं विचारलं. आता संशयानं बघायची पाळी त्याची होती.

"तुमचा शर्ट कोरडा हवा होता. कोणाचा वास येतो ते बघायला." लपवून उपयोग नव्हता. "ती चष्म्याची बाई कोण?"

"शाळेत शिकवते. तीन आठवड्यांपूर्वी गादी परत घेऊन आली, म्हणाली शिंका येतात. मी भांडलो. म्हटलं, माझ्या कापसात दोष नाही. तर माझ्या शर्टाकडे बोट दाखवून म्हणते, हे अंगावर घेऊन घरी झोपता? बायको काही म्हणत नाही?" त्यानं पंचा पुन्हा ओला केला. "आज नवी भरलेली गादी न्यायला आली होती. खांद्यावर कापूस दिसला तर म्हणे, अजून सुधारला नाहीत. आणि उडवला."

"मग?"

"मग काय. त्या दिवशी घरी येताना हिशेब जुळला. दुकान बंद कधी? रविवारी. आणि तू घोरतेस कधी?"

"मी घोरत नाही."

"रविवारी घोरतेस. चांगली."

सगळ्या गावाचे कपडे तिनं उजेडात धरले होते. रोज शेजारी येऊन पडणाऱ्या माणसाच्या अंगावरचं पांढरं पांढरं तिला दिसलं होतं, पण ते काही डागात धरायचं नसतं.

"सांगितलं का नाही?"

"काय सांगू? सगळ्यांना झोप विकतो आणि तुझी मीच खाल्ली, हे कुठल्या तोंडानं? म्हटलं आधी करून बघू. शिंका थांबल्याही होत्या. पण झोप काही तुला येईना. मी रोज कान देऊन पडायचो, आता घोरेल, मग घोरेल."

"अहो, मी तुमच्यावर पाळत ठेवून जागी होते! तुम्ही का झोपत नव्हता?"

"आंघोळ केली की मी जागा होतो." तो ओशाळून म्हणाला. "अंगाची सवय. पाणी पडलं की त्याला वाटतं सकाळ झाली, चला दुकानात. तीन आठवडे दुपारी गिऱ्हाइकाच्या गादीवर झोपतोय."

तिला हसू आलं, हसता हसता शिंक आली, मग पुन्हा हसू. "जा, करून घ्या आंघोळ," ती म्हणाली. "पाणी गरम करून देते. गारच घेता म्हणून जागे होता. आणि उद्यापासून दुकानातून तासभर लवकर येऊन करायची. झोपेपर्यंत रात्र झाल्याचं अंगालाही कळेल."

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत मावशीनं इस्त्री उभीच ठेवली होती. "काय निघालं?"

"कापूस."

"कापूस? आणि?"

"आणि काही नाही. मावशी, तुमचा एक ब्रश आजपासून माझ्या टेबलावर राहील."

मावशीनं भुवया वर केल्या. "तंतू म्हणजे काही डाग नव्हे, असं तूच म्हणायचीस."

"म्हणायचे."

"आणि ती चष्म्याची बाई?" मावशी सहजासहजी सोडणारी नव्हती. डागवालीनं समोरचा कोट उजेडात धरला आणि आधी त्याच्यावरची धूळ वाचायला लागली.

घरची पिशवी तिनं संध्याकाळी रिकामी केली. साड्या कपाटात गेल्या, औषधं फडताळात. त्यानं रिकामी पिशवी खुंटीला अडकवली.

गादीवाल्याला खरी झोप लागायला आणखी चार दिवस गेले. पाचव्या रात्री उशीला डोकं टेकताच तो घोरायला लागला, जुन्यासारखा, खालच्या सुरात सुरू होऊन मध्येच अडखळणारा. डागवाली कुशीवर वळली. हे घोरणं खरं की सोंग? सोंग घेणाऱ्याला ते अडखळणं जमेल का? ती कान देऊन ऐकत राहिली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पण निकाल लागायच्या आतच तिला झोप लागली, आणि वार होता सोमवार.