पाठीवरचा पंप

ढाणकीच्या बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करणारे आणखीही होते, पण लोक जफरकडेच यायचे. दुरुस्त केलेला पंप तो साध्या पाण्यानं भरायचा, कोरडा पांढरा सदरा घालून पाठीवर चढवायचा आणि बाजाराला फेरी मारून यायचा. सदऱ्याला ओल दिसली की पंप पुन्हा खोलायचा. लोक म्हणायचे, निघाला नवरदेव वरातीला. जफरही हसायचा, पण फेरी चुकवायचा नाही.

दोन हजार सतरा साली कपाशी डोक्याच्या वर गेली. अळी मरेना म्हणून लोक जहाल औषध मारू लागले आणि ते फवारणाऱ्याच्याच तोंडावर, डोळ्यांत पडू लागलं. यवतमाळच्या दवाखान्यात खाटा पुरेनात. उकंडाचा भाऊ तिथंच पडून होता. त्याचा पंप जफरनंच नीट करून दिलेला, आणि उकंडा तर जफरच्या दुकानात रोज चहाला बसणारा माणूस.

त्याच दिवसांत जफरच्या पोराचं, आसिमचं, आणि बँकेतल्या बाबूच्या पोराचं, क्षितिजचं, फाटलं. दोघं एका ताटात जेवलेले, दोघंही रॅप करायचे. गाणी मोबाईलवर टाकायचे, पण त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. आता एकमेकांना गाण्यांतून शिव्या द्यायला लागले. रॅपवाल्यांत त्याला डिस म्हणतात म्हणे. आपल्याकडे नळावर बायका करतात तेच, फक्त ठेका निराळा. गावात लगेच दोन तट पडले आणि जो तो मोबाईल कानाला लावून बसला.

एक दिवस चहाच्या टपरीवर क्षितिजचं नवं गाणं वाजलं.

‘तुया बापानं जोडला पंप, पाठीवर गळला,
फवारनारा दवाखान्यातून घरी नाई वळला.’

जफरच्या हातातला कप तसाच राहिला. ईदला आपल्या घरचा शीरखुर्मा ओरपणारा पोरगा हे बोलतो? त्याहून वाईट म्हणजे त्याला स्वतःचीच शंका आली. हंगामाच्या घाईत त्या पंपाची फेरी राहिली तर नसेल? किती आठवलं तरी आठवेना.

संध्याकाळी उकंडा आला. भावाचा पंप दुकानासमोर ठेवला आणि चहा न घेता निघून गेला.

जफरनं पंप भरला, सदरा बदलला आणि सबंध बाजार फिरून आला. सदरा कोरडा ठणठणीत. तोच सदरा घेऊन तो घरी धावला. आसिमला म्हणाला, चल, क्षितिजच्या बापाला जाब विचारू.

आसिम जागचा हलला नाही. खाली बघत म्हणाला, "अब्बा, वो लाइन मैंनेच लिखके दी."

भांडण खोटं होतं. दोघांनी मिळून ठरवलेलं, लोकांनी गाणी बघावीत म्हणून. उकंडाच्या भावाची आठवण नाही झाली का, असं जफरनं विचारलं. झाली होती. म्हणून तर लोकांना खरं वाटलं, आसिम म्हणाला. पोटच्या पोरानं बापाचं नाव आणि शेजाऱ्याचं दुःख एकाच ओळीत विकायला काढलं होतं, आणि त्यात काही चुकलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

सगळ्यांना खरं सांग, एवढंच जफर म्हणाला. पोरांनी ऐकलं. दोघांनी गळ्यात गळे घालून व्हिडिओ टाकला: सगळं नाटक होतं, चाचांचे पंप गळत नाहीत. तो तर आधीच्या गाण्यांपेक्षाही जास्त चालला.

जफर पंप आणि सदरा घेऊन उकंडाच्या दारात गेला. उकंडानं व्हिडिओ पाहिला होता.

"पोरायचं तोंड बरं बंद केलं तुनं, जफरभाई," तो शांतपणे म्हणाला. "कालपर्यंत शिव्या देत होते. तुया नावावर आलं तं लगेच गळ्यात पडले."

जफरनं सदरा पुढं केला. उकंडानं सदऱ्याकडं पाहिलंही नाही. पंप तेवढा आत घेतला आणि दार लोटलं.

दुसऱ्या दिवशी जफरनं कुणाचा तरी दुरुस्त केलेला पंप भरून पाठीवर चढवला आणि बाजाराला फेरी मारली. कोणी नवरदेव म्हणालं नाही.