अर्धवट अध्याय

मंगळवारी सकाळी भावाने चहा मागितला. मी चहा ठेवला. कप घेऊन आले तेव्हा तो गेला होता. मी कप टेबलावर ठेवला, त्यावर बशी झाकली आणि डॉक्टरांना बोलवायला गेले.

बशी का झाकली, हे मला अजून सांगता येत नाही. चहा निवू नये म्हणून झाकली असावी.

आम्ही दोघं भावंडं सदाशिव पेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर राहत होतो. दोघांचीही लग्नं राहून गेली होती. तो शाळेतून निवृत्त झाला होता, मी कॉलेजच्या ग्रंथालयातून. त्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच, त्यामुळे पोस्टमनला आमचा पत्ता कधी चुकला नाही. घरातली कामं वाटलेली होती. गॅस, वीजबिल आणि भाजी माझ्याकडे. देव भावाकडे. रोज संध्याकाळी तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पवित्र शास्त्रातला एक अध्याय मोठ्याने वाचायचा. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय त्याला जन्मभर सुटली नाही. मी समोर बसून शिवण करायची आणि शेवटी आमेन म्हणायची. कित्येक वर्षं मी आमेन म्हणत होते, पण नक्की कशाला, हे कुणी विचारलं असतं तर मला फक्त दुसऱ्या दिवशीची बिरड्याची भाजी आठवली असती.

तो गेल्यावर शास्त्र टेबलावर तसंच राहिलं. त्यात खूण म्हणून हडपसरच्या बसचं तिकीट होतं. मी रोज पुस्तकावरची धूळ पुसायची आणि उघडायची नाही. राग होताच. भावाने आयुष्यभर ज्याला हाक मारली तो एका कपभर चहाच्या वेळात आला नाही. पण रागापेक्षा भीती मोठी होती. पुस्तक उघडलं आणि काहीच वाटलं नाही तर? मग भावाबरोबर तेही गेलं असं ठरलं असतं, आणि घरात मी एकटीच उरले असते.

एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. पंचाहत्तरीच्या, नऊवारी नेसणाऱ्या, आणि पारायणांच्या बाबतीत गल्लीतलं शेवटचं न्यायालय. सांत्वन त्यांनी आधीच एका वाक्यात उरकलेलं होतं. आता त्या दारातच म्हणाल्या, "बाई, त्या आजारी माणसाचं पुढे काय झालं?"

"कुठल्या?"

"ज्याच्या बहिणी येशूला निरोप धाडतात, तुमचा मित्र आजारी आहे म्हणून. आणि हा निघायचं सोडून आहे तिथेच दोन दिवस राहतो. इथवर वाचून तुमचे भाऊ म्हणाले, आज थकलो, पुढचं उद्या."

तेव्हा मला कळलं की आमची खिडकी आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी एकाखाली एक होती, आणि गेली कित्येक वर्षं काकूंनी मेथी निवडता निवडता अख्खं शास्त्र ऐकलं होतं.

मी म्हणाले, "पुढे असं होतं, की—"

"सांगू नका. वाचा. पारायण अर्धवट ठेवणं घराला चांगलं नाही."

"काकू, आमच्यात पारायण नसतं."

"रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीत बसून मोठ्याने वाचायचे. मग ते काय होतं? बातम्या?"

काकूंनी लगेच दिवस ठरवला. शनिवारपर्यंत मांसमच्छी बंद, असंही सांगितलं. मी त्याच सकाळी आणलेला बांगडा शेजारच्या मांजराला घातला. येशूने मासे खाल्ले होते, हे मला माहीत होतं. पण काकूंपुढे तो मुद्दा मांडण्याची त्या काळात माझ्यात ताकद नव्हती.

शनिवारी त्या पाट, नारळ आणि उदबत्तीचा पुडा घेऊन आल्या. शास्त्र पाटावर ठेवलं. उदबत्ती मी लावू दिली नाही. त्यांनी ती नाइलाजाने पदरात गुंडाळली आणि नियम सांगितला. अध्याय मध्ये तुटला की पुन्हा पहिल्या ओळीपासून.

मी बसचं तिकीट काढून बाजूला ठेवलं आणि वाचू लागले. मला भीती होती तसंच झालं. काहीच वाटलं नाही. अक्षरं होती, मी होते, आवाज होता. मग ते ठिकाण आलं जिथे येशू शेवटी गावाबाहेर पोचतो. त्या बहिणींचा भाऊ पुरला जाऊन चार दिवस झालेले असतात. थोरली बहीण रस्त्यावर जाऊन त्याला गाठते आणि तोंडावर म्हणते, की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तिथे माझा आवाज बंद पडला.

"पुन्हा," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासून."

दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. त्याला सुटे पैसे हवे होते. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा मी त्याच वाक्यापाशी येत होते तोच बेल वाजली. आमच्या चर्चचे पाळकसाहेब हडपसरहून दोन बस बदलून सांत्वनाला आले होते. त्यांनी पाट पाहिला, नारळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"बसा," काकू म्हणाल्या. "मध्ये बोलायचं नाही. तुमच्यापायी पुन्हा मागे जावं लागणार."

पाळकसाहेब बसले. चांगले गृहस्थ होते. माझा चेहरा पाहून म्हणाले, "ताई, मी वाचू का?"

"तुम्ही नको," काकू म्हणाल्या. "ज्याच्या घरी तुटलं त्यानेच जोडायचं. तोवर मला एवढं सांगा, तो दोन दिवस मुद्दाम थांबला?"

पाळकसाहेबांनी देवाच्या गौरवाबद्दल आणि त्याच्या वेळेबद्दल नीट समजावून सांगितलं.

"समजलं," काकू म्हणाल्या. "पटलं नाही. त्या बहिणीलाही पटलं नसणार, म्हणून तर रस्त्यावर गेली. वाचा, बाई. आणि तिचं बोलणं असं पुटपुटू नका. ती काही अर्ज करत नाहीये."

मी चौथ्यांदा पहिल्या ओळीपासून वाचलं. त्या वाक्यापाशी आले आणि ते वाचलं नाही, म्हटलं. रेशनच्या दुकानात साखर संपली असं सांगणाऱ्याशी मी ज्या आवाजात बोलायची, त्या आवाजात. तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. समोरच्या घरातल्या रेडिओचा आवाज कुणीतरी कमी केला. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता येशू चिडेल. मी पुढे वाचलं. तो चिडला नाही. थोड्या वेळाने धाकटी बहीण येऊन तेच बोलली, आणि तो रडला.

"कोण रडला?" काकूंनी स्वतःचा नियम मोडला.

"येशू."

"स्वतःच उशीर केला आणि स्वतःच रडला?"

"हो."

"मग बरा आहे," काकू म्हणाल्या. "चला पुढे."

पुढे कबरीवरची धोंड बाजूला होते आणि तो भाऊ हातापायांवरच्या पट्ट्यांसकट बाहेर येतो. मला वाटत होतं अध्याय तिथे संपतो. माझ्या आठवणीत तो तिथेच संपत होता. पण अजून बरंच होतं. त्या उठलेल्या माणसामुळे मोठी माणसं घाबरतात, सभा भरवतात आणि येशूला मारायचं ठरवतात. त्याच अध्यायात. इतकी वर्षं मी त्या ओळींवर आमेन म्हटलं होतं आणि त्या मला माहीत नव्हत्या.

"म्हणजे मित्राला उठवलं त्यापायी हा जाणार," काकू म्हणाल्या. "उशिरा आला, पण फुकट नाही आला."

मी पुस्तक मिटलं. "तो उठला, काकू. माझा नाही उठला."

"नाही उठला," त्या म्हणाल्या. "मग पुढचा अध्याय वाचावा लागेल. उद्या."

नारळ फोडून त्यांनी साखर घालून खोबरं वाटलं. पाळकसाहेब तुकडा हातात धरून विचारात पडले.

"नारळ माझ्या घरचा, देव तुमचा," काकू म्हणाल्या. "खा."

त्यांनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, तिसऱ्या दिवशीही. पाट बंद झाला, कारण त्यांच्या मते पारायणाची जोडणी झाली होती, आता हे नुसतं वाचन. माझं मात्र भांडण सुरू झालं होतं. कणीक मळताना मी येशूला प्रश्न विचारू लागले. प्रार्थना म्हणून नव्हे, जाब म्हणून. ज्याच्याशी भांडतो तो असावा लागतो, हे हळूहळू लक्षात आलं. मग एका दुपारी, संध्याकाळपर्यंत दम धरवेना म्हणून, मी दार लावून पुढचा अध्याय वाचून काढला. संध्याकाळी तो पहिल्यांदाच वाचतेय असा आव आणून वाचला. काकू मेथी निवडत म्हणाल्या, "आधी वाचून बसलात. आवाजावरून कळतं." मी नाही म्हटलं. त्यांनी मान्य केलं नाही.

काकू आता नाहीत. वरच्या खिडकीला त्यांच्या मुलाने जाळी बसवली आहे आणि घर बंद असतं. बसचं तिकीट अजून पुस्तकात आहे, पण दर दिवशी पुढे सरकतं. मी संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून मोठ्याने वाचते. मध्ये बेल वाजली तर पुन्हा पहिल्या ओळीपासून.