लो-दबारच्या पाटीखाली

पाय बनवायच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणूस मापाला बसला, प्लास्टर ओलं असलं, की त्याला उठता येत नाही. मग तो बोलत सुटतो! बारा वर्षं झाली, मी पोशीरहून रोज चौकला येते आणि जुन्या हायवेवरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये कृत्रिम पाय बनवते. मालक एझ्राकाका. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणात पिढ्यान् पिढ्या राहिलेले यहुदी. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, राग माझ्या सासूपेक्षा जास्त!

आमचे निम्मे किस्से पाटीमुळे झालेत. दोन गॅरेजांच्या मधे आमची पाटी: ‘लो-दबार’. काकांच्या जुन्या हिब्रू शास्त्रातलं हे एका आडगावाचं नाव. पण वाचणाऱ्याला तेवढं कुठलं माहीत?

*

भर दुपारी, पाटीतला ‘बार’ तेवढा वाचून, एक ट्रक थांबला. चौघं उतरले, चौघंही आधीच तर्र.

“बार उगडा हाय का?”

“बार नाय दादा. इथं पाय मिळतात.”

त्यांना मी थट्टा करतेय असं वाटलं. एकजण सरळ आतल्या पडद्याकडे निघाला. आत एक बाई पाय काढून बसली होती. मी आडवी आले, तर त्यानं माझं मनगट धरलं. माझ्या दुसऱ्या हातात प्लास्टर कापायची कात्री होती आणि ती मी खाली ठेवली नव्हती. दोन क्षण कुणीच हललं नाही.

तेवढ्यात काकांनी टेबलावर दाणकन एक तयार पाय ठेवला.

“हा एका ड्रायव्हरचा. तोही असाच पिऊन निघाला होता. बस, तुझंही माप घेतो!”

मनगट सुटलं. चौघं ट्रककडे गेलेच नाहीत. समोरच्या ढाब्यावर संध्याकाळपर्यंत चहा पीत बसले.

*

पावसानं पाटी धुऊन निघाली, तेव्हा पेंटरला रंगवायला दिली. त्याला वाटलं, आधीच्यानं चूक केली होती. त्यानं सुधारून लिहिलं, ‘लो-दरबार’!

गुरुवारी दारात नारळ, लिंबं, उदबत्त्या! बाबा कुठं बसतात, म्हणून लोक विचारायला लागले. एक म्हातारी तर सरळ आत आली, प्लास्टरच्या पिशवीतली पांढरी पूड तिनं मूठभर उचलली आणि ओल्या कपाळाला फासली.

मी फडकं घेऊन किंचाळतच धावले, “आजी, पुसा! आत्ताच्या आत्ता पुसा! दगड होतो त्याचा!”

आजींनी हात जोडले. “एवडा कडक अंगारा हाय व्हय?”

*

पाटी पुन्हा ‘लो-दबार’ झाली आणि हसू संपलं. कुणीतरी उठवलं की हा मंत्र आहे, इथे पाय देऊन धर्म बदलतात. एका सकाळी पंधरावीस माणसं दारात. दोघांच्या हातात पहारी. पाटी उखडायलाच आले होते.

“काय अर्थ याचा? सांगा आत्ता!”

काका पायरीवर आले. मी त्यांच्या मागे उभी राहिले.

“लो म्हणजे नाही. लो-दबार म्हणजे जिथं चरायला गवतसुद्धा नाही असं गाव.”

“असलं नाव कोन ठेवतंय? खोटं बोलताय तुमी!”

एक पहार पाटीखाली घुसली. लाकूड करकरलं. तेवढ्यात मागून एक म्हातारा पुढे आला, काकांना न्याहाळून म्हणाला, “तुमी शनवार तेली ना? शनवारी घाणा बंद ठेवनारे?”

“माझ्या आजोबांचा घाणा होता,” काका म्हणाले.

म्हातारा पहारवाल्याकडे वळला. “काड रं ती! ह्यांनी आपली भाषा घेतली, पन दोन हजार वर्सांत शनवार नाय सोडला. हे तुजा सोमवार कशाला बदलतील?”

पहार निघाली. पाटी तेव्हापासून जरा तिरकी आहे.

*

मग मुंबईचे एक भाषेचे अभ्यासक आले. म्हणाले, “एझ्राजी, गवत नाही हा एक अर्थ. पण दबार म्हणजे शब्दसुद्धा. लो-दबार म्हणजे जिथं शब्द नाही, ते गाव!”

काका भडकले. “माझा बाप गवतच म्हणायचा!”

“वडलांचा आदर आहे, पण व्याकरण...”

“व्याकरण गेलं खड्ड्यात!”

दोघं पुस्तकं उघडून उभे. आणि इकडे कुंभिवलीचा एक पेशंट साच्यात अडकलेला. प्लास्टर आवळत चाललं, त्याचा चेहरा लाल. शेवटी तो ओरडला, “ओ सायेब! आदी माजा पाय बाहेर काडा, मंग गवत काडा!”

*

आणि एकदा कर्जतच्या डोंगरातल्या ठाकूरवाडीतून जनी आली. नणंद हिरानं तिला पाठीवर घेऊन उतरवली होती, थेट रस्त्यापर्यंत.

फॉर्म भरताना मी विचारलं, “पाय कसा गेला?”

“तापानं फनफनले होते. मला झोळीत घालून दवाखान्यात नेत होते. उतरनीला झोळी सुटली. पाय दगडात गेला.”

“कुणाच्या हातून सुटली?” मी कशाला विचारलं, कोण जाणे.

“पाऊस होता,” जनी म्हणाली. हिरा दाराबाहेर बघत होती.

नवा पाय लावून जनीला दोन दांड्यांच्या मधे उभी केली. दांड्या धरून ती उभी राहिली ती राहिलीच. पाऊल टाकेना. घामानं न्हाली, पण हात सुटेनात.

काकांनी स्टूल ओढलं आणि घाबरलेल्यांना सांगतात ती गोष्ट काढली. एक राजपुत्र होता, पाच वर्षांचा. लढाईत बाप मेला, तशी दाई त्याला उचलून पळाली. पळताना तो तिच्या हातून पडला, दोन्ही पायांनी अधू झाला. लो-दबार गावात लपून वाढला. पुढे नव्या राजानं त्याला शोधून आणलं आणि जन्मभर आपल्या पंगतीला बसवलं.

“म्हणून ही पाटी,” काका म्हणाले. “चल बाळ, टाक पाऊल.”

जनी हलली नाही. दारातून हिराचा आवाज आला.

“त्या दाईचं काय झालं मंग?”

“कुठली दाई?”

“जिच्या हातून पोर पडलं ती. राजानं तिला बोलावलं का?”

काकांना ती गोष्ट शब्द न् शब्द पाठ. त्यांनी चष्मा काढला.

“लिहिलेलं नाही गं.”

“कुनीच नाय लिवलं?”

“नाही.”

हिरानं मान हलवली. पदर डोक्यावरून घेतला आणि ती पायरी उतरून हायवेच्या दिशेनं चालायला लागली.

जनीनं एक हात सोडला. मग दुसरा. मी धरायला पुढे झाले, तर तिनं मला कोपरानं बाजूला सारलं. एक पाऊल. दुसरं. दांड्या संपल्या, तरी ती थांबली नाही. दाराच्या चौकटीला टेकून तिनं हाक मारली,

“हिरे, थांब गं! मी येते चालत.”