कबुतरांचं लांबचं नातं

गारखेड्याच्या अंबिकाताईंचं निम्मं आयुष्य गॅलरीतल्या कबुतरांना शिव्या घालण्यात गेलं होतं. आज एकदाचा जाळी बसवणारा यायचा होता. सून घरी होती, म्हणून सकाळीच नवऱ्यानं, मधुसूदनरावांनी, त्यांना पाखरं दाखवायला शहराबाहेरच्या माळावर नेलं.

डबक्यात एक मातकट पाखरू पोटाची पिसं भिजवत बसलं होतं. "नर आहे. पिल्लांसाठी पिसांतून पाणी नेतोय," मधुसूदनराव म्हणाले.

अंबिकाताई विरघळल्या. "किती गुणी तित्तर!"

"तित्तर नव्हे, पखुर्डी. आफ्रिकेपासून आपल्या माळापर्यंत, कोरडं रान असेल तिथं हिचा गोतावळा. नातं मात्र कबुतराशी, लांबचं."

अंबिकाताईंचा चेहराच उतरला. घरी गॅलरीतल्या बंद कूलरमागं कबुतराची दोन पिल्लं होती. जाळी लागली की आईबाप बाहेरच राहणार! "अहो, आधी घरी चला!"

धापा टाकत त्या जिना चढल्या. गॅलरीत जाळीवाला ड्रिल मांडीवर घेऊन घाम पुसत बसला होता. "लाईट गेलीय, काकू."

एरवी लाईट गेली की घर डोक्यावर घेणाऱ्या अंबिकाताईंनी देवाला हात जोडले. "पिल्लं उडाली की या," म्हणत त्याला चहा पाजला. मग वाटीभर पाणी कूलरमागं सरकवत करवादल्या, "तुमच्या बापाला जमतंय होय पिसांतून पाणी आणायला!"