न कुरतडलेला कोबी

सेंद्रिय शेतमालाची तपासणी करणाऱ्या त्या बाईंना सगळे मागून 'भिंगबाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात औषधं फवारली होती. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची, तरी वास घरभर राहायचा. म्हणून मालावर 'सेंद्रिय'चा शिक्का देताना बाईंचा हात आखडता असे. "आजारातून उठलेली माणसं, तान्ह्या लेकरांच्या आया आपल्या शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात," त्या म्हणत. "आपले तरी उघडे हवेत."

त्या दिवशी कोबीच्या शेतात शिरताच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. एकाही पानाला भोक नव्हतं.

"औषध मारत नाही, तर अळी गेली कुठे?"

"लसणाचं पाणी मारतो," शेतकरी म्हणाला आणि त्याने नोंदवही पुढे केली. वर्षभराच्या नोंदी एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारख्या.

"जुनी वही भिजली. ताईनं उतरवून काढली."

बाई कोठीत गेल्या. तिथे एका पंपाला लसणाचा उग्र वास येत होता. पोत्यांमागे दुसरा पंप होता, लख्ख धुतलेला.

"हा कशाचा?"

दारात उभ्या असलेल्या मोठ्या बहिणीने भावाकडे पाहिलं. "तणनाशकाचा. वाटेवरच्या गवतासाठी."

"वाट म्हणजे काही शेत नव्हे," तो घाईने म्हणाला.

"पावसाचं पाणी वाटेवरून कुठे उतरतं?"

उतार कोबीकडेच होता. शेतकरी म्हणाला, "तीन वर्षं रासायनिक खताची चिमूट टाकली नाही, बाई. बियाणंसुद्धा औषध न चोळलेलं आणलं."

"मातीलाच विचारू," म्हणत बाईंनी पानं आणि माती पिशव्यांत भरून सील केली.

अहवाल आला. कोबी स्वच्छ होता. खालच्या चार ओळींच्या मातीत मात्र तणनाशक सापडलं. बाई भल्या सकाळी स्वतःच सांगायला गेल्या, तर ताई ओळीत वाकून पानापानावरची अळी वेचून डब्यात टाकत होती.

"रोज करता हे?"

"उजाडल्यापासून. तो सांगायचा नाही. बहीण राबते म्हणायची लाज वाटते त्याला."

बाई ओशाळल्या. तरी कागदातलं अक्षरही त्यांनी बदललं नाही: वरच्या तुकड्याला शिक्का, खालच्याची शिक्क्याआधीची रसायनाविना तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून.

"मुद्दाम नाही केलं," शेतकरी म्हणाला.

"माहीत आहे. मातीला ते कळत नाही."

त्यानंतर दोन वर्षं तो बाईंशी धड बोलला नाही. तिसऱ्या वर्षी त्याचाच फोन आला. "शेजारी काहीतरी फवारतोय, बाई. विचारलं तर नुसतं पाणी आहे म्हणतो. मला काही पटत नाही. येऊन बघता का?"