मागाहून बघितलेलं माहेर

दादाने आईच्या सुकवणीच्या जागेवर टेप लावला, तेव्हा मी ओट्यावर उभी राहून बघत होते. टेपचं दुसरं टोक त्याच्या मित्राच्या हातात होतं. या मित्राच्या केळव्याला समुद्राकडे तोंड केलेल्या खोल्या आहेत, शनिवार-रविवारी त्या भाड्याने जातात. दोघं जागा मोजत होते आणि त्यांच्या डोक्यावर, मासे टांगायच्या बांबूच्या वलांड्यांवर, मोसमाचे शेवटचे बोंबील लोंबत होते. दादाने मला पाहिलं आणि टेप गुंडाळला.

"काय गं पत्रकबाई, आज बोईसरला सुट्टी?"

बोईसरला मी कारखान्यांतल्या कामगारांसाठी पत्रकं लिहिते, अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत. हा धंदा घरचाच. बाबा सातपाटीत राहून आयुष्यभर पत्रकं काढत आले. तारापूरच्या सांडपाण्यावर, डिझेलच्या भावावर, किनाऱ्यावर येऊ घातलेल्या मोठ्या बंदरावर. पत्रकांच्या घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. त्यामुळे कुणी काही फुकट देऊ लागलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याच्या बदल्यात काय हवंय?

टेप गुंडाळला त्याच आठवड्यात दादाने आईची आणि माझी विमानाची तिकिटं काढली. वहिनीचं माहेर बघायला. फिलिपिन्समधला कापीस नावाचा प्रांत.

दादा प्रवासी जहाजावर खलाशी आहे. वहिनी त्याच जहाजावर कामाला होती. लग्न तिकडेच झालं, आम्हाला फोटो आले. मागच्या दिवाळीत ती सातपाटीला आली आणि दादा पुन्हा जहाजावर गेला, तरी ती राहिली. भाषा ती शिकली आमच्या आळीतल्या बायकांकडून, त्यामुळे ती 'आमी' आणि 'नाय' म्हणते. सगळ्यांना तिचं कौतुक होतं. मला नव्हतं. इतकं गोड कुणी उगाच वागत नाही, असं मला वाटत होतं, आणि माझ्याकडे पुरावाही होता.

आमच्याकडे सुकवणीची जागा कुणाच्या नावावर नसते. ती वहिवाटीने बायकांची असते. सासू थकली की स्वतःच्या हाताने सुनेला वलांडीचा बांबू देते, आणि त्या दिवसापासून जागा सुनेची. मुलीची कधीच नाही. मुलगी परक्या आळीत जाणार. आणि आणखी एक रीत आहे: दुसरीच्या वलांडीवरच्या माशाला हात लावायचा नाही. ती आजारी असेल किंवा तिच्या घरात सुतक असेल, तरच शेजारीण तिचे मासे फिरवते. वहिनी आल्यावर थोड्याच दिवसांत एकदा आई बाजारात मासे विकत बसली होती आणि घरी वहिनीने सगळे बोंबील फिरवून ठेवले. तासाभरात आळीतल्या बायका दारात. "काय झालं गं तिला? दवाखान्यात नेली काय?" आई डोक्यावर रिकामी टोपली घेऊन परतली, तर तिलाच बघून एकीने कपाळाला हात लावला. सगळ्या हसल्या. आईही हसली. मी हसले नाही. बांबू दिलेला नसताना हिने हात लावला, हे मी मनात नोंदवून ठेवलं. मग दादाचा टेप आला, आणि माझं गणित जुळलं. जागा सुनेची होणार, सून दादाची, आणि वलांड्यांच्या जागी खोल्या.

"तू जाणारेस?" मी आईला विचारलं.

"जाणार तर. लोक आधी मुलीचं घर बघतात, मग लगीन लावतात. माझं उलटं झालं. पण बघायचं ते बघायलाच पायजे."

"तो तुला गोड करायला नेतोय."

"नेऊ दे. गोड व्हायचं की नाय ते माझं मी बघीन."

जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या गेल्या, वलांड्या मोकळ्या झाल्या. आईचेही हात मोकळे झाले. आम्ही चौघं निघालो.

कापीसच्या विमानतळावर एकाने माझ्या हातात गुळगुळीत कागदाचं पत्रक दिलं. पत्रक म्हटल्यावर मी ते उभ्या उभ्या वाचून काढलं. पांढरी वाळू, शिंपल्यांचे दिवे, तव्यावरची कालवं, हसणाऱ्या मुली. समुद्राचे इतके फोटो आणि एकातही काम करणारा माणूस नव्हता. ज्या कागदात राबणारा दिसत नाही, त्यात काहीतरी झाकलेलं असतं. मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि डोळे उघडे ठेवायचं ठरवलं.

दादा आम्हाला रोज कुठे ना कुठे घेऊन जाई. एका गावात जुनं दगडी चर्च होतं, भिंती किल्ल्यासारख्या जाड. वर प्रचंड घंटा. वाटाड्या सांगत होता की गावकऱ्यांनी दिलेल्या नाण्यांतून ती ओतली आहे.

"दिलेल्या की घेतलेल्या?" मी विचारलं.

वाटाड्या हसला. त्याला तो विनोद वाटला. दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "इथे तरी मोर्चा काढू नको." आईने मात्र घंटेखाली उभं राहून वर पाहिलं आणि हात जोडले. देव कुणाचाही असो, एवढा जड असेल तर हात जोडावेत, असं तिचं म्हणणं.

तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, शिंपले होते. बोटाने दाबलं तर मोडेल इतका पातळ, चपटा शिंपला चौकोनी कापून लाकडी जाळीत बसवायचा. उजेड आत येतो, पण दुधातून आल्यासारखा. वहिनीची आई घरी बसून त्याच शिंपल्यांच्या चकत्या कापत असे, दिव्यांसाठी. कातर चालवताना तिच्या मांडीवर पांढरा चुरा पडत होता. मी जरा वेळ ते बघतच राहिले, इतकं ते सुंदर होतं. मग भानावर येऊन विचारलं, शिंपले कुठून येतात, दिवे कोण विकतं, भाव कोण ठरवतं. वहिनी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती. शिंपले आता इथल्या समुद्रात पहिल्यासारखे मिळत नाहीत. भाव दुकानदार ठरवतो. म्हातारीने हे कातर न थांबवता सांगितलं. पत्रकातल्या दिव्यांमागे बसलेली बाई मला सापडली होती. तरीही मनात आलं, हे आम्हाला का दाखवताहेत?

जेवणाचंही तसंच. पहिल्या दिवशी ताटात कच्चा मासा आला. बारीक चिरलेला, आलं, कांदा, मिरची घातलेला आणि आंबट पाण्यात बुडवलेला.

"कच्चाच?" आईने वहिनीकडे पाहिलं.

"आई, खा. चांगला हाय."

आईने बोट बुडवून चाटलं. "ही तर आंबलेली ताडी. आमी पितो, हे मासा बुडवतात." मग तिने दोनदा मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी शहाळ्याच्या पाण्यात शिजवलेली कोंबडी, तिसऱ्या दिवशी निखाऱ्यावर भाजलेले लांबट पांढरे शिंपले, आणि रोज सकाळी लसणाच्या भाताबरोबर तळलेली सुकी मासळी. ती सुकी मासळी दिसली की आई आधी तिचा वास घेई, मग खाई. मी प्रत्येक ताटाकडे बघून हिशेब करत होते की हा पाहुणचार आहे की पेरणी.

पेरणी असल्याचं शेवटी उघड झालंच. दादा आम्हाला वहिनीच्या मावशीकडे घेऊन गेला. किनाऱ्यालगत बांबूच्या खोल्यांची रांग, दारात झोपाळे, झाडांना शिंपल्यांच्या माळा. पूर्वी इथे मासे सुकवायचे, असं तो मुद्दाम दोनदा म्हणाला.

"बघ आई. ऊन नाही, वास नाही, कावळ्यांना हाकलणं नाही. मावशी बसून असते. पाहुणे येतात, राहतात, जातात. आपल्याकडे मुंबईची माणसं केळव्याला, एडवणला येतातच ना. सातपाटीला का येणार नाहीत?"

मी तोंड उघडलं होतं. माझं पूर्ण पत्रक तयार होतं, मथळ्यासकट. पण आईने हात वर केला आणि मावशीला विचारलं, "मंग तुमी आता सुकं कुठं घालता?"

वहिनीने विचारून सांगितलं, "घालत नाय. बाजारातून आणते."

"मासेवाल्याच्या घरात सुकं इकत आणायचं? मंग पावण्यांना काय दाकवता? वाळू?"

वहिनीने हे जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण मावशी एवढ्या जोरात हसली की झोपाळ्यावरचा पाहुणा उठून बसला. दादा हसला नाही. मी वहिनीकडे पाहत होते. ती खोलीच्या दारात उभी होती आणि आतल्या पलंगाकडे अशा नजरेने बघत होती, ज्या नजरेने बोईसरचे कामगार भोंगा झाल्यावर कारखान्याच्या फाटकाकडे बघतात. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

परतताना वाटेत दिसलं ते मात्र लगेच कळलं. रस्त्याच्या कडेला बांबूच्या ताट्यांवर घराघरांतले मासे वाळत होते. एक बाई बाजारातून चालली होती. जाता जाता वाकून तिने एका ताटीवरचे मासे उलटले, मग दुसऱ्या ताटीवरचे, आणि निघून गेली. पुढे एका मुलीनेही तेच केलं.

"यांच्या घरातली कोण?" आईने विचारलं.

"कोण नाय," वहिनी म्हणाली. "जो जाईल तो फिरवेल. ऊन सगळ्यांचं."

आई थांबली. तिने पदर खोचला आणि एका अनोळखी घरासमोरच्या ताटीवर वाकली. तिचा हात क्षणभर वरच राहिला, सातपाटीत जो हात तिने आजार-सुतकाशिवाय कधी दुसरीच्या माशाला लावला नव्हता. मग तिने भराभर सगळे मासे उलटले. घरातून एक माणूस बाहेर आला, त्याने मान हलवली आणि परत आत गेला. कुणी विचारलं नाही की आत कोण मेलं.

"असं होतं तर," आई वहिनीला म्हणाली. "आणि मी सगळ्यांना सांगत बसले, सून येडी हाय."

माझ्या हिशेबातला एक पुरावा कमी झाला. पण टेप राहिलाच. आणि बांबू अजून दिला गेला नव्हता.

घरी परतल्यावर दादा पुन्हा पुन्हा विषय काढत राहिला, मी आईला 'जागा वाचवा' म्हणत राहिले. आई "बघू" म्हणत राहिली. बाबा त्यांच्या कागदांत मान घालून होते, ही बायकांची जागा म्हणून मध्ये पडत नव्हते. पुढे दादा रुसूनच जहाजावर गेला. एका दुपारी वहिनी आणि मी मागच्या दारी जवळा निवडत बसलो होतो. मी सरळ विचारलं, "तुला जागा हवीय?"

"पायजे."

"खोल्या बांधायला?"

तिने सूप खाली ठेवलं. "मावशीकडे मी शाळेतून आल्यावर चादरी बदलायची. मग जहाजावर चादरी बदलायची. लोकांचे केस, लोकांचा वास. तुझा दादा बोलतो, खोल्या बांधू. कोण बदलेल चादरी? तो जहाजावर. आई म्हातारी. तू बोईसरला." ती हसली, पण गोड नाही. "बोंबील चादर मागत नाय."

तिचं गोड बोलणं मला इतके महिने पटलं नव्हतं. हे पटलं. यात तिचा स्वार्थ दिसत होता.

पावसाळा सरला, ऊन तापलं, पहिले बोंबील आले. आईने आळीसमोर वहिनीच्या हातात बांबू दिला. वहिनी बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या टांगू लागली. तिच्या जोड्या पटापट सुटून पडत होत्या आणि शेजारणी मजा घेत होत्या.

"अगं, त्यांचं लगीन लाव, काडीमोड नको लावू!"

मी आईच्या बाजूला जाऊन बसले. "मला एकदाही विचारलं नाहीस."

"तू 'वाचवा' बोललीस. 'मला दे' कदी बोललीस?"

मला ती जागा नकोच होती, हे खरं. पण न विचारता वगळलं जाणं मला मान्य नाही, आणि हे मी एक दिवस लिहिणार आहे. आईलाही ते वाचून दाखवणार आहे.

तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. जहाजावरून दादाचा व्हिडिओ कॉल. तो हसून बोलत होता, पाणी कसं आहे, आई कशी आहे. मग म्हणाला, "जरा जागा दाखव ना. पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत." त्याच्या मागे कुणी तरी कागद-पेन घेऊन बसलं होतं, ते मला दिसलं. कोण, ते कळलं नाही.

वहिनीने फोन उचलला आणि भरलेल्या वलांडीला टेकवून धरला. पडद्यावर बोंबलांशिवाय काहीच दिसत नसणार. "दिसतंय?" तिने विचारलं. "अगं, लांब धर," दादा म्हणाला. ती एका हाताने पुढची जोडी टांगत राहिली. कॉल संपेपर्यंत मी तिथून हलले नाही.